नानांचे नव्वद दिवस

नाना कुठल्याही मशीनसमोर आले की आधी त्यावर तळहात टेकवून, डोळे मिटून उभे राहत. हॅनोव्हरला आमच्या घरी आले त्या पहिल्या सकाळी पायांत मोजेही न घालता त्यांनी स्वयंपाकघरात फ्रिजला हात लावला, मग डिशवॉशरला, आणि मग बाथरूममध्ये येऊन चालू असलेल्या वॉशिंग मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवून बराच वेळ थांबले. मी दारात दात घासत उभा होतो. मला वाटलं, झालं, आता रडणार. त्या दिवसांत मला लोकांच्या रडण्याचा धसकाच बसला होता. ते रडायचे आणि माझ्याकडे बघायचे, आणि मी कोरडा ठणठणीत. पण नाना रडले नाहीत. डोळे उघडून म्हणाले, "मंदारराव, याचा पुढचा डावा पाय अधांतरी आहे."

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांची मुलगी, माझी बायको मुग्धा, जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. ट्राममधून तिनं डोकं फार दुखतंय म्हणून फोन केला, आणि तिसऱ्या दिवशी एका डॉक्टरांनी मला लहानशा खोलीत बसवून पाण्याचा ग्लास पुढे केला. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. मला काही वाटत नव्हतं, हे खरं आहे, आणि त्याची लाजही वाटत नव्हती. सासूबाई अंथरुणावरून उठण्याच्या स्थितीत नव्हत्या. मागच्या वर्षी इथे येण्यासाठी काढलेला व्हिसा शिल्लक होता म्हणून नाना एकटेच आले. नव्वद दिवस राहता येणार होतं. येतानाचं तिकीट एक होतं, जातानाची दोन. दुसरं आमच्या आठ वर्षांच्या रेवाचं.

रेवानं पुण्याला आजी-आजोबांकडे राहायचं, असं ठरलं होतं. फोनवर ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "मंदार, तुम्ही सकाळी सातला बाहेर पडणार. पोरीचं कोण बघणार हो? पुरुषमाणसाला एकट्याला नाही जमत." त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर मला तोंडपाठ होतं, पण माझ्या मुलीचे हिवाळ्याचे मोजे कुठल्या खणात असतात ते मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. शाळेतून नाव काढायचा आबमेल्डुंगचा फॉर्म आला, तर मी फक्त सही कुठे करायची ते विचारलं आणि केली. निघायच्या आठवड्यात तो शाळेत द्यायचा होता. तोवर फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहिला.

नानांनी चिंचवडच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळला. काटकुळा माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि सहा इंची स्टीलची पट्टी. हॅनोव्हरच्या थंडीत वर दोन स्वेटर चढले तरी पट्टी आतल्या खिशात असायचीच. "पट्टी कशाला लागते नाना?" मी एकदा विचारलं. "लागत नाही हो. नसली की चुकल्यासारखं होतं." रेवाशी ते मराठीत बोलत आणि ती जर्मनमध्ये उत्तर देई. तासन्‌तास चालायचं. मी मध्ये भाषांतर करायला गेलो की दोघंही माझ्याकडे अशी बघत, की मी गप बसायचो.

सासरा आणि जावई म्हणून आमचं नातं चोख होतं, म्हणजे औपचारिक होतं. त्यांच्या घरी नऊ वर्षांत त्यांनी मला माझं ताट उचलू दिलं नव्हतं. एकदा गॅलरीतला पंखा अडला म्हणून मी स्टुलावर चढलो, तर नाना हातातला पेपर टाकून धावत आले होते. "जावयाला कामाला लावलं म्हणून उद्या लोक शेण घालतील तोंडात!" म्हणून मशीन बंद पडलं तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. घरात नाना होते. बघतील ते.

मशीन बंद पडलं चौदाव्या दिवशी. तेराव्यापर्यंतचे विधी मी घरीच केले, पुण्याचे गुरुजी व्हिडिओवरून सांगतील तसे. दर्भ आणि काळे तीळ नानांनीच आणले होते. सगळं उरकल्यावर मी धोतर, झब्बा, पंचा, टॉवेल, रेवाचे कपडे, हाताला लागलं ते सगळं एकत्र मशीनमध्ये कोंबलं आणि वर टोपण भरून साबण ओतला. तासाभरानं मशीन पोटात पाणी घेऊन थांबलं. पडद्यावर काहीतरी आकडा लुकलुकत होता आणि दार काही केल्या उघडेना. रेवा येऊन उभी राहिली. "पापा, माइन बाडेआनत्सूग इस्ट दा द्रिन." तिचा पोहण्याचा पोशाख आत होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं पोहणं होतं.

मी मेकॅनिकला फोन लावला. टेर्मिन, म्हणजे यायची वेळ, मिळत होती अडीच आठवड्यांनी. मी फोन ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे. नवीन घेऊन टाकू."

"का?" नाना म्हणाले. "मेलंय का ते?"

बाथरूममध्ये आम्ही तिघं होतो. नानांनी शब्द मागे घेतला नाही, सावरून घ्यायलाही गेले नाहीत. रेवाचं प्लॅस्टिकचं पाय ठेवायचं स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. "प्लग काढा. नळ बंद करा. पाणी गरम असेल, अर्धा तास थांबा. नंतर मी सांगतो."

"तुम्ही बघताय ना?"

"मी बघतोच आहे. हात तुमचे."

मला राग आला. बऱ्याच दिवसांत मला काही आलं असेल, तर ते हे. म्हणालो, "नाना, तुम्हाला दहा मिनिटांचं काम आहे."

"हो ना. पण मी जाणार आहे आणि हे मशीन इथेच राहणार आहे. ओव्हनचा ट्रे आणा, सपाट असतो तो. आणि जुने टॉवेल."

मशीनच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोनी झाकण असतं. अकरा वर्षं जर्मनीत राहून मी ते कधी पाहिलं नव्हतं. त्यामागे बोटभर जाडीची एक नळी, तिच्या तोंडाला बूच. बूच काढायचं, ट्रे भरला की परत लावायचं. "घाई हा सगळ्यात महाग स्पेअर पार्ट," नाना मागून म्हणाले. मी फरशीवर पालथा पडून ट्रे भरत होतो आणि रेवा तो सांभाळून उचलून टबमध्ये ओतत होती. सतरा वेळा. ती मोजत होती, जर्मनमध्ये. मग नळीशेजारचा फिल्टर हळूहळू उलटा फिरवायचा. तोही फिरवला. राहिलेलं पाणी अंगावर आलं आणि मागोमाग काळपट लगदा.

त्या क्षणी मला धास्ती वाटली होती की मुग्धाचं काहीतरी निघेल. केसांची क्लिप, टिकलीचा कागद. तसलं काही निघालं नाही. निघाले ते तीळ, पाण्यानं फुगलेले, मूठभर. आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं तर पंपाच्या पात्याला गवताची लांब पाती गुंडाळलेली.

"दर्भ," नाना म्हणाले.

विधी झाल्यावर बोटातलं दर्भाचं पवित्रक गाठ सोडून टाकून द्यायचं असतं. मी ते झब्ब्याच्या खिशात घातलं होतं. उरलेल्या तिळांचंही तेच केलं होतं. "गुरुजींनी सांगितलं असेल," नाना म्हणाले, "तुम्हाला ऐकू गेलं नसेल. चालायचंच. चिमटा नको, तुटेल. बोटानं उलटं फिरवा, सुटेल आपोआप." मी फिरवलं. एकेक पातं सुटून हातात आलं. "आता पातं फिरतंय का बघा. अडखळत फिरलं तरी चालेल, त्याच्यात चुंबक असतं." ते अडखळत फिरलं. नानांचे हात शेवटपर्यंत पाठीमागेच होते, फक्त मानेवर घाम आला होता. रेवाचा पोशाख रात्रभर हीटरवर वाळला. माझ्या मनात काही हललंबिललं नाही, हे सांगितलं पाहिजे. मी फरशी पुसली आणि झोपलो.

त्यानंतर मात्र नानांनी मला सोडलं नाही. धुणं म्हणजे रोजचा तास झाला. टोपणभर साबण पाहिल्यावर कपाळाला हात लावून म्हणाले, "फेस म्हणजे स्वच्छता नव्हे मंदारराव. फेस म्हणजे तुमचा अविश्वास." मग मापाच्या अर्ध्याहून कमी. साबणाचा खण बाहेर ओढून काढायचा, मागची काळी बुरशी जुन्या टूथब्रशनं घासायची. दाराच्या रबराची घडी बोटानं उलटून पुसायची. धुणं झालं की दार लावून टाकायचं नाही, बोटभर उघडं ठेवायचं. महिन्यातून एकदा मशीन रिकामं, कडक गरम पाण्यावर चालवायचं. इथल्या पाण्याला क्षार फार. मी सगळं करत होतो. सांगितलेलं करणं हेच तेवढं मला जमत होतं, आणि नानांना ते बरोबर कळलं होतं. ते कधी 'कसं वाटतंय' विचारत नसत. "खिसे बघितले?" एवढंच विचारत.

एका रविवारी दुपारी मी विसरून मशीन लावलं. जर्मनीत रविवारी घरात आवाज करायचा नसतो, ही गोष्ट मुग्धाच्या डोक्यात असायची. कपडे पिळायला लागल्यावर मशीन बाथरूमभर चालू लागलं आणि दोन मिनिटांत बेल वाजली. खालच्या फ्राऊ ब्रांड. सत्तरीच्या, कडक इस्त्रीचा ब्लाउज, चेहराही तसाच. मी माफी मागत होतो तर नाना पुढे आले, त्यांना नमस्कार केला आणि मला मराठीत म्हणाले, "पायांचं काम राहिलंच की. आत्ता करू. मग तुम्ही यांच्या घरी जाऊन ऐका."

"यांच्या घरी?"

"मशीनचा आवाज वर कळत नाही, खालीच कळतो."

मी पान्यानं तो अधांतरी डावा पाय टेकवला. मशीनच्या डोक्यावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवून, पाणी कुठे कलतंय ते बघत चारही पाय सारखे केले. मग खरोखरच फ्राऊ ब्रांडच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. वर रेवानं बटण दाबलं. आम्ही दोघं छताकडे तोंड करून ऐकत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "गेनाऊ. आता ठीक आहे." आणि मग छताकडेच बघत म्हणाल्या की त्यांचे पतीही असेच अचानक गेले. मुलगी हॉर्टमधून, शाळेनंतरच्या पाळणाघरातून, चारला येते ना, मंगळवारी आणि गुरुवारी मला उशीर होत असेल तर ती त्यांच्याकडे बसू शकते; त्या घरीच असतात. मी डांके म्हणालो. वर येऊन नानांना सांगितलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. तो आवाज त्यांना पहिल्या सकाळपासून माहीत होता आणि पाय टेकवायला त्यांनी महिना घेतला, हे माझ्या लक्षात यायला पुढे बराच काळ गेला.

रोज संध्याकाळी नाना सासूबाईंना फोन करत. मी भाजी चिरता चिरता ऐकायचो. "आज मंदाररावांनी फिल्टर स्वतःहून काढला. मी सांगितलं नव्हतं." "आज लोकरीचं वेगळं लावलं, थंड पाण्यात." मला वाटायचं, म्हाताऱ्याला बोलायला विषय नाही. एकदा सासूबाई वैतागल्या, फोनमधूनही ऐकू आलं. "अहो, मशीनचं काय सांगताय रोज? पोरीचं सांगा!"

"पोरीचंच सांगतोय," नाना म्हणाले.

निघायला पाच दिवस होते. मी रेवाची बॅग भरायला घेतली होती. पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, आणि आता मला प्रत्येक कपडा ओळखू येत होता. कुठला घरात घालायचा, कुठल्याची चेन अडकते, कुठला तिला टोचतो. नाना दारात येऊन उभे राहिले.

"मंदारराव, काय वाटतंय तुम्हाला?"

हा प्रश्न ते कधी विचारत नसत. मी म्हणालो, "काही वाटत नाही नाना. खरंच सांगतो. तीन महिने झाले, मला काहीच वाटत नाही. असा माणूस मुलीला काय सांभाळणार?"

"वाटायची वाट बघत बसू नका. यायचं तेव्हा येईल. हे," त्यांनी कपड्यांकडे हनुवटी केली, "करता येतं का?"

"येतं."

"रोज?"

"हो."

"मग आता एकच सांगा. ती इथे हवी आहे का तुम्हाला?"

मी बॅगेकडे बघत राहिलो. रेवा खाली बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. मान वर न करता ती जर्मनमध्ये म्हणाली, "मला इथेच राहायचंय. मला कुणी विचारलंच नाही." तिचा आवाज रागाचा होता. मी लगेच म्हणालो, "हवी आहे. नाना, मला ती इथे हवी आहे." इतक्या दिवसांत मला हवीशी वाटलेली ती पहिली गोष्ट होती.

नाना स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवरचा फॉर्म चुंबकाखालून काढून माझ्या हातात दिला. मी तो रद्दीत टाकला. मग ते गॅलरीत जाऊन, दार लावून सासूबाईंशी बोलले. काचेतून दिसत होतं. बोलत कमी होते, ऐकत जास्त होते. एकदा कठड्याला हात टेकवून वाकून उभे राहिले. आत आले तेव्हा डोळे लाल होते. "चहा टाका," म्हणाले.

विमानतळावर त्यांनी रेवाला जवळ घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंदारराव, मी तिला न्यायलाच आलो होतो. अजूनही न्यावंसंच वाटतंय. म्हणून आत गेल्यावर मागे वळून बघणार नाही, राग मानू नका." आणि खरंच वळले नाहीत.

पुढे दर रविवारी फोन. "कधी येताय?" असं ते सरळ कधी विचारत नसत. "उन्हाळ्याच्या सुट्ट्या कधी लागतात हो तुमच्याकडे?" म्हणत. मी तारखा सांगायचो आणि मग काहीतरी कारण सांगायचो. प्रोजेक्ट, रजा, रेवाचा पासपोर्ट. दोन उन्हाळे मी असे घालवले. खरं कारण एकच होतं. त्या घरात भिंतीवर मुग्धाचे फोटो होते आणि मला ते बघायचे नव्हते. नानांना ते कळत असणार. "बरं बरं. कामं काय, असतातच," म्हणायचे.

गेल्या थंडीत नाना झोपेतच गेले. मी आणि रेवा चौथ्या दिवशी पुण्याला पोचलो. घरभर माणसं होती. सासूबाईंनी रेवाला पाहिलं आणि नुसतं तिचं तोंड कुरवाळत राहिल्या. रेवा प्रवासानं गळून गेली होती. "तिला तिच्या खोलीत झोपू दे," त्या म्हणाल्या.

"कुठल्या खोलीत?" मी विचारलं.

मधल्या खोलीचं दार त्यांनी उघडलं. नानांचं टेबल, हत्यारं, सगळं तिथून हललेलं होतं. भिंतींना फिका पिवळा रंग. खिडकीशी अभ्यासाचं टेबल, खुर्ची, कोरं दप्तर, आणि भिंतीला लावून एक लहान पलंग. "हॅनोव्हरला निघायच्या आधी दोन दिवसांत केलं सगळं," सासूबाई म्हणाल्या. "मुग्धा गेल्याचा फोन आला, आणि हे रंगाचा डबा घेऊन आले. रात्रभर रंगवत होते. परत आले ते एकटेच. मी म्हटलं, पलंग तरी देऊन टाका कुणाला, बघवत नाही. तर म्हणाले, असू दे, सुट्टीत येईल की. दर मे महिन्यात चादर बदलायचे."

मला यातलं काही माहीत नव्हतं. नव्वद दिवस बाथरूमच्या स्टुलावर हात मागे बांधून बसलेल्या त्या माणसानं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

रेवा त्या पलंगावर आडवी झाली. ती आता दहा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते. तिचे पाय पलंगाबाहेर आले. ती कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले, तेव्हा कशीबशी मावली.

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडायला लागलो. मुग्धा गेल्यापासून पहिल्यांदाच. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, आणि आम्ही दोघं खूप वेळ तसेच रडत राहिलो.